विज्ञानातील डॉक्टरेट आणि पुढील जीवनमार्ग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



 मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. माझे सारे आयुष्य मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेले. अशा माणसाने विज्ञानात डॉक्टरेट करणाऱ्या मुलामुलींविषयी बोलावे, हे पुष्कळांना धाडसाचे वाटेल. मलाही ते वाटले. तथापि या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक घडलेली आहे, आणि चुकलेल्या माणसाला निदान ती चूक सांगण्याचा तरी अधिकार असतो, असे समजून मी आपल्यासमोर उभा आहे.

मी मॅट्रिक झालो, त्या वर्षी याच मंडळाने श्रीफळ आणि एक शब्दकोश देऊन माझा सत्कार केला होता. त्या काळी ज्ञातीतील मुलगा मॅट्रिक झाला की गल्लीत पेढे वाटले जात. आज या व्यासपीठावर रसायनशास्त्र, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान अशा विषयांत पीएच.डी. करीत असलेली आपली मुले-मुली बसली आहेत. हा पालट पाहून कोणाचे ऊर भरून येणार नाही? परंतु सत्काराचा हार गळ्यातून उतरताच या मुलांना जो तो एकच प्रश्न विचारतो: "आता पुढे काय?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच म्हणतो, "प्रोफेसर होणार असाल!" याच प्रश्नोत्तराविषयी मला आज बोलावयाचे आहे.

प्रथम पालकांसाठी थोडी माहिती सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पीएच.डी. ही गोष्ट पहिल्यानेच आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी किमान ३ वर्षे आणि सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षे मुदत आहे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत पाच-सहा वर्षे सहज जातात. जो विद्यार्थी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा उत्तीर्ण होऊन छात्रवृत्ती मिळवितो, त्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे दरमहा ४२,००० रुपये असा दर लागू झाला. परंतु ही छात्रवृत्ती एकंदर पाच वर्षांची असते. पाच वर्षांनी छात्रवृत्ती थांबते. प्रबंध मात्र थांबत नाही. ज्यांना ही छात्रवृत्ती नाही, त्यांची ओढाताण तर विचारूच नये. तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या मुलांना येता-जाता "अजून शिकतोच आहेस का?" असे विचारणे हे अज्ञानाचे तर आहेच, पण निष्ठुरपणाचेही आहे.

आता प्राध्यापकीचे पाहू. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे २०१४-१५ साली आपल्या देशात सर्व विषय मिळून सुमारे १ लाख १७ हजार विद्यार्थी पीएच.डी.साठी नोंदलेले होते. २०२१-२२ साली ती संख्या २ लाख १२ हजारांवर गेली. सात वर्षांत जवळजवळ दुप्पट! प्राध्यापकांच्या कायम जागा त्या प्रमाणात वाढल्या असे कोणी म्हणू शकेल काय? आपल्या राज्यात तर कायम जागा रिकाम्या राहतात, आणि उच्चविद्याविभूषित माणसे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या हिशेबाने, मानधनावर शिकवितात. शिवाय २०२३ साली आयोगाने असेही ठरविले, की सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट परीक्षा पुरेशी आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. म्हणजे ज्या एका दारासाठी आपण ही किल्ली घडवितो असे समजतो, ते दार अरुंद आहे, आणि ते दुसऱ्या किल्लीनेही उघडते.

आता माझी चूक सांगतो. माझ्या कन्येने कार्बनी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली. २००८ साली नाव नोंदविले, २०१४ साली पदवी मिळाली. नावामागे डॉक्टर ही उपपदवी लागली तेव्हा मी आप्तेष्टांना पत्रे पाठविली. पुढल्याच वर्षी एका औषध कारखान्याकडून तिला मुलाखतीचे बोलावणे आले. मी तिला म्हणालो, "सहा वर्षे तप करून शेवटी कारखान्यातच जायचे, तर बी.एस्सी. झाल्यावरच गेली असतीस! आपल्या घराण्यातून कारखाना सुटावा म्हणून तर मी मास्तर झालो." तिने ते पत्र घडी घालून ट्रंकेत ठेवले. माझ्यासमोर एक शब्दही बोलली नाही.

पुढे तीन वर्षे ती दोन गावांच्या दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवीत होती. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी. सुट्टीच्या महिन्यांचे मानधन नसे, आणि असे तेही महिनेन्‌महिने हाती पडत नसे. एकदा दिवाळीनंतर तिने एस.टी.च्या पाससाठी आपल्या आईकडून पैसे मागून घेतले, आणि ही गोष्ट मला कळू देऊ नये असे सांगितले. मला ती पुढे वर्षभराने कळली. त्या रात्री मला झोप आली नाही. प्राध्यापकाचा बाप म्हणवून घेण्याची हौस माझी होती, आणि तिची किंमत ती भरीत होती.

पुढे प्रयोगशाळेतील एका मैत्रिणीकडून तिला पेटंटच्या कामाची माहिती मिळाली. २०१८ साली झालेली पेटंट एजंटची परीक्षा ती उत्तीर्ण झाली, आणि सांप्रत ती पुण्यात याच कामावर आहे. "अगं, पण तू करतेस तरी काय?" असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही वर्गात वह्या तपासताना कोणी कोणाचे पाहून लिहिले ते ओळखायचात ना? तेच मी करते. कोणी नवे औषध किंवा नवी कृती शोधली असे म्हटले, की जगातल्या आधीच्या साऱ्या वह्या उघडून पाहायच्या, की हे पूर्वी कोणी लिहिले आहे काय. नसेल, तर नवे नेमके किती, हे कायद्याच्या भाषेत मांडायचे." मी म्हटले, "मग यात तुझ्या सहा वर्षांच्या रसायनशास्त्राचा काय उपयोग?" ती हसून म्हणाली, "त्याशिवाय ती वही मला वाचताच आली नसती."

बंधुभगिनींनो, त्या उत्तराने मला माझ्या वडिलांची आठवण झाली. आपल्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय तांब्यापितळेची भांडी घडविण्याचा. माझे वडील हंडे, घागरी आणि बंब घडवीत. मी शाळकरी असताना बाजारात स्टेनलेस स्टीलची भांडी आली, आणि दहा-पंधरा वर्षांत आपल्या आळीतले ठोक्यांचे आवाज विरळ झाले. "आम्ही हंडेच करणार" असे म्हणणारे कर्जात बुडाले. शेजारच्या एका काकांनी मात्र मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करावयास घेतले, कारण त्यातही तांबे होते, डाग देणे होते, आणि पत्र्याचा स्वभाव ओळखणे होते. त्यांची विद्या हंड्यात नव्हती, हातात होती. पीएच.डी.ची विद्याही प्राध्यापकाच्या खुर्चीत नसते. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच पुस्तकात नाही, त्याचा पाच-सहा वर्षे चिकाटीने पाठलाग करणे, प्रयोग फसला तर का फसला हे शोधणे, पुराव्यावाचून विधान न करणे आणि जे सापडले ते चार जाणत्यांपुढे मांडून त्यांचे आक्षेप सोसणे, ही ती विद्या होय. ती जिथे लागते तिथे तिला मान आहे.

याला मोठ्यांचे दाखले आहेत. डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे. त्यांनी १९३० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली; रक्तातील फॉस्फरस मोजण्याच्या पद्धतीला त्यांचे नाव जोडलेले आहे. तरीही त्या विद्यापीठाने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते लेडर्ले नावाच्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक आम्लाची कृत्रिम निर्मिती झाली, रक्ताच्या कर्करोगावर आणि संधिवातावर आजही देतात त्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा पाया घातला गेला, आणि हत्तीरोगावरील औषधही निघाले. विदर्भातील काही जिल्ह्यांत सरकारी मोहिमेत घरोघर ज्या हत्तीरोगाच्या गोळ्या वाटल्या जातात, त्यांतील एक गोळी त्या कंपनीतल्या कामाचे फळ आहे. विद्यापीठाबाहेर पडल्याने या माणसाचे विज्ञान लहान झाले असे कोण म्हणेल?

आणखी जवळचा दाखला घ्या. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. तेथे पीएच.डी.चे काम करून १९६९ साली डॉ. अंजी रेड्डी बाहेर पडले. हैदराबादच्या सरकारी औषध कारखान्यात त्यांनी नोकरी केली, आणि १९८४ साली स्वतःची कंपनी काढली. तिचे नाव आज प्रत्येक औषधाच्या दुकानात आढळते. आणि डॉ. कमला सोहोनी यांना कसे विसरता येईल? १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या या विदुषीने अध्यापन आणि संशोधन तर केलेच, पण १९६६ साली मुंबईत ज्या महिलांनी ग्राहकांच्या हितासाठी संस्था स्थापन केली, त्यांत त्या होत्या, आणि सामान्य गृहिणीला उपयोगी पडेल असे लेखनही त्यांनी केले.

आता प्रत्यक्ष मार्ग कोणते, ते थोडक्यात सांगतो. ही माहिती मी माझ्या कन्येकडून आणि तिच्या सोबत्यांकडून विचारून घेतली आहे.

पहिला मार्ग उद्योगधंद्यातील संशोधनाचा. औषधे, लसी, रंग, बी-बियाणे, खाद्यपदार्थ यांच्या कारखान्यांत संशोधनाबरोबरच गुणवत्ता तपासणी असते, आणि औषधाला सरकारची मान्यता मिळविण्यासाठी लागणारी कागदपत्रे सिद्ध करण्याचा स्वतंत्र विभागही असतो. त्या कागदपत्रांसाठी विज्ञान जाणणारी आणि नेटके लिहिणारी माणसे लागतात.

दुसरा मार्ग पेटंटचा. आपला पेटंट कायदा १९७० चा. २००५ सालच्या दुरुस्तीने औषधांच्या मूळ द्रव्यालाही पेटंट मिळू लागले, आणि या कामाला बहर आला. विज्ञानाच्या किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधराला पेटंट एजंटची परीक्षा देता येते. दोन्ही लेखी पत्रिकांत प्रत्येकी ५० टक्के आणि तोंडी परीक्षेसह एकंदर ६० टक्के गुण लागतात. ही परीक्षा दरवर्षी होतेच असे नाही. म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवावे लागते.

तिसरा मार्ग सरकारी वैज्ञानिक सेवेचा. अणुशक्ती, अवकाश, संरक्षण या खात्यांच्या प्रयोगशाळा, पेटंट कार्यालयातील परीक्षक, न्यायवैद्यक प्रयोगशाळा अशा अनेक ठिकाणी विज्ञानाचे पदव्युत्तर लोक घेतात. येथे एक सावधगिरीची सूचना आहे: वयाची अट आधी वाचा. प्रबंध संपण्याची वाट पाहता पाहता वय निघून गेल्याची उदाहरणे आहेत.

चौथा मार्ग आकडेशास्त्राचा. गणित आणि पदार्थविज्ञानातील मंडळी आज बँका, विमा आणि संगणक व्यवसायात मोठमोठ्या माहितीच्या राशींचे पृथक्करण करतात. पाचवा मार्ग लेखन-संपादनाचा. वैद्यकीय चाचण्यांचे वृत्तांत, शास्त्रीय नियतकालिकांचे संपादन आणि लोकांसाठी विज्ञानलेखन ही कामे त्यात येतात. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच कार्य आपल्या भाषेत करीत आहे. सहावा मार्ग स्वतःच्या उद्योगाचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातच २००७ साली नव्या वैज्ञानिक उद्योगांना आधार देणारे केंद्र निघाले. आणि जैवतंत्रज्ञानातील नवी कल्पना सिद्ध करून पाहण्यासाठी केंद्र सरकारच्या एका योजनेतून ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले जाते.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली गोष्ट, प्रबंध सादर झाल्यावर नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच विचारास लागा. अमेरिकेत विज्ञानाच्या एका मोठ्या संस्थेने २०१२ साली विद्यार्थ्यांनी आपला आराखडा आपणच मांडावा म्हणून एक साधन विनामूल्य उपलब्ध करून दिले. त्यात तीनच प्रश्न मुख्य आहेत: मला काय येते, मला काय आवडते, आणि मला कशाचे मोल वाटते. २०१३ पासून तेथील सरकारनेही काही विद्यापीठांना याच कामासाठी पैसा दिला. म्हणजे ही अडचण एकट्या आपली नाही, आणि तिचा विचार करण्यात कमीपणाही नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या विद्येचे टिपण करा. कारखानदाराला प्रबंधाचे शीर्षक कळत नाही. त्याला सांगा, की मी अमुक यंत्र चार वर्षे सांभाळले, बिघडले तेव्हा दुरुस्त करवून घेतले, दोन कनिष्ठ विद्यार्थ्यांना शिकविले, खरेदीचा हिशेब ठेवला, अमुक पृथक्करण पन्नासदा केले. हे सारे दोन पानांत मावले पाहिजे. निबंधांची लांबलचक यादी प्राध्यापकाच्या अर्जासाठी राहू द्या.

तिसरी गोष्ट, माणसांना भेटा. नोकरी मागण्यासाठी भेटू नका. वीस मिनिटे मागून घ्या आणि विचारा, की तुमचा दिवस कसा जातो, या कामात काय शिकावे लागते, आणि येथे काय खुपते. माझ्या कन्येचे तीन वर्षांचे नुकसान अशा एका भेटीने टळले असते. आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांशीही मोकळेपणाने बोला. त्यांना न सांगता इतरत्र धावाधाव करणे बरे नव्हे. आणि बहुतेक गुरूंना शिष्य पोटाला लागलेला पाहून आनंदच होतो.

मी केवळ एकच बाजू मांडीत नाही. बाहेरच्या नोकरीत स्वातंत्र्य कमी असते; विषय तुम्ही निवडत नाही, मालक निवडतो. केलेले काम कित्येकदा प्रसिद्ध करता येत नाही. कंपनीने विभाग बंद केला तर घरी बसावे लागते. "तुम्ही फार शिकलेले आहात" असे म्हणून काही ठिकाणी परतही पाठवितात. ज्याला अध्यापनाची खरी ओढ आहे, त्याने अवश्य प्राध्यापक व्हावे. मी स्वतः शिक्षक आहे, मी त्याला कसा अडवू? माझे म्हणणे इतकेच, की त्याने ती वाट इतर वाटा पाहून निवडावी. दुसरी वाट ठाऊकच नव्हती म्हणून तिच्यावर अडकून पडू नये.

शेवटी मंडळाला एक नम्र विनंती करतो. आपला विद्यार्थी साहाय्यक निधी दहावीपासून पदवीपर्यंत आहे, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यासाठी त्यात काहीच नाही. छात्रवृत्ती संपल्यानंतरच्या काळासाठी बिनव्याजी कर्जाची सोय करता आली तर फार मोठे काम होईल. दुसरे, या स्मरणिकेत आपण वधू-वरांची सूची छापतो. तिच्याच शेजारी एक पान असे असावे, की ज्ञातीतील कोणकोण कारखान्यात, प्रयोगशाळेत, सरकारी वैज्ञानिक खात्यात कामाला आहेत आणि नव्या मुलांना वीस मिनिटे देण्यास कोण तयार आहेत. संमती देणाऱ्यांची नावे कार्यालयात नोंदवून घ्यावीत. या पहिल्या नोंदीसाठी माझ्या कन्येने आपले नाव मजजवळ दिलेले आहे. आणि वधू-वर सूचीवरून आठवले, "पीएच.डी. करीत आहे" हे वाचून स्थळ बाजूला सारणाऱ्या पालकांनीही थोडा धीर धरावा, विशेषतः मुलींच्या बाबतीत.

घरी गेल्यावर माझ्या एका प्रश्नाचा विचार करा. आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या ट्रंकेत असे एखादे घडी घातलेले पत्र आपल्या भीतीने पडून तर नाही ना? असेल, तर ते आजच बाहेर काढावयास सांगा आणि शांतपणे वाचा. मी ते तीन वर्षे उशिरा वाचले.